चुन्याखालील तीनशे तेरा नावांची हकीकत

॥ ज्याचे घर एक आणि दारे अनेक, आणि दरएक दारावरील पहारेकरी म्हणतो की खरे दार हेच, त्या धन्यास नमस्कार करून लिहिले जाते ऐसे जे ॥

शके चौदाशे एकुणसत्तर, प्लवंगनाम संवत्सर, ते साली पश्चिमसमुद्रातील टोपीकरांच्या बेटावर, नदीच्या वळणावरील एका गावी, कापणी उरकोन गंजी लागल्या होत्या, तेव्हा एके दिवशी दोन प्रहरांचे आत दोन खबरा आल्या. पहिली खबर लोकर वाहणाऱ्या एका बाईने आणिली. ती वाटकिन चुनेवाला याचे भट्टीपाशी उभी राहिली आणि बोलिली की, "सिसली नावाची बाई तुमचीच का? समुद्राकडच्या वाटेवर एका गोठ्यात तापाने गेली. तापाचा पाचवा दिवस होता. आम्ही तिथेच पुरली. पाद्री मिळाला नाही." वाटकिन याचे हाती चुना ढवळण्याचा दांडा होता, तो त्याने खाली ठेविला नाही, तसाच ढवळीत राहिला, आणि पुसले की, "पाणी होतं का तिच्याजवळ?" बाई बोलिली, "मडकं होतं. भरलेलं होतं. कुणीतरी नेलं." कारण ऐसे की, चुन्याच्या वाफेने वाटकिन याचे डोळे अधू जाहले होते, आणि समुद्राकाठी एका संताची विहीर होती, तिचे पाणी लाविल्याने डोळे उघडतात ऐसा लोकांचा भरवसा. ती विहीर थोरल्या राजांनी नऊ वर्षांमागे दगडमातीने बुजविली होती, तरी बायका बोटांनी माती उकरून पाणी काढीत. म्हणोन त्याची बायको सिसली हिने नवस केला आणि अनवाणी निघाली. निघताना वाटकिन कुरकुर करू लागला, तेव्हा ती बोलिली, "धनी, तुम्हांला माझं तोंड धड दिसत नाही म्हणून तर जाते. दिसलं की मग पस्तावाल. आणि वाटेत मेले, तर नाव वाचायला लावा माझं. नाहीतर म्हणाल, जाऊ दे." वाटकिन बोलिला, "वाचवीन, जा." ऐसे थट्टेत वचन जाहले.

या वचनाचा अर्थ असा. त्या बेटाचे लोक पूर्वी झाडांस आणि झऱ्यांस पूजीत. मग साडेनऊशे वर्षांमागे काही साधू गलबतांतून उतरले आणि ख्रिस्ताचे नाव सांगू लागले, आणि झाडे तोडिली तेथे देवळे उभी राहिली, आणि झऱ्यांस संतांची नावे पडिली, आणि हळूहळू तमाम बेट त्या धर्मात बुडोन गेले. त्या धर्मात समज ऐसा होता की, माणूस मेला म्हणजे सरळ स्वर्गी जात नाही, मध्ये शुद्धीचा एक मुलूख आहे, तेथे जीव तापोन निघतो, आणि मागे राहिलेल्यांनी नाव घेऊन प्रार्थना केली म्हणजे त्याची वाट लवकर सरते. म्हणोन दर गावी मृतांची याद असे. या गावची याद दोनशे वर्षांची, तीत तीनशे बारा नावे. हिवाळ्याचे तोंडी मृतांचा दिवस येई, तेव्हा पाद्रीबाबा हंफ्री वेदीपुढे उभे राहोन ती सारी याद वाचीत, आणि तमाम गाव उभे राही, आणि आपले नाव आले की त्या घरचे माणूस मान लववी. देवळाच्या मोठ्या भिंतीवर अखेरच्या निवाड्याचे चित्र होते, थडगी उघडली आहेत आणि माणसे बाहेर निघत आहेत ऐसे, आणि मेणबत्त्यांच्या उजेडात वाचन चालले म्हणजे भासे की नाव उच्चारिले तो एकेक जण भिंतीवर उठोन बसतो. वाटकिन याने हे चाळीस वर्षे पाहिले, आणि चाळीस वेळा त्याचे अंगावर काटा उभा राहिला.

तेव्हा खबर ऐकोन वाटकिन याने दांडा ठेविला आणि सिसलीचा निळा झगा काखेत मारोन देवळाकडे निघाला. रीत ऐसी की यादीत नाव चढवावयाचे तर मृताचे काही चांगले वस्त्र अगर भांडे देवळास द्यावे. तो पोचला तो पाद्रीबाबा दारातच उभे, हाती कागद, तोंड पांढरे. हीच दुसरी खबर. जाहले होते ऐसे की, थोरले राजे यांस राणी सोडणे होते, आणि दूरदेशीचे महागुरू सोडू देईनात, मग राजे बोलिले की माझ्या बेटात धर्माचा धनी मीच, आणि मठ मोडिले. पुढे ते निवर्तले आणि बाळराजे गादीवर बसले, आणि त्यांचे कारभारी बोलिले की अर्धे काम राहिले आहे ते पुरे करू. मग हुकूम निघाला की, शुद्धीचा मुलूख म्हणोन काही नाही, मेलेल्यांसाठी प्रार्थना करू नये, यादी जाळाव्या, मूर्ती काढाव्या, भिंतींस चुन्याची पांढरी द्यावी. वाटकिन यास हे तीनदा सांगावे लागले. मग तो बोलिला, "पाद्रीबाबा, मुलूखच नाही म्हणता, तर माझी बायको गेली कुठं?" एक कागद राजधानीतून घोड्यावर आला, आणि दोनशे वर्षांचे मेलेले जेथे होते ती जागाच नाहीशी जाहली, या गोष्टीचा मोठा अचंबा वाटकिन यास वाटला आणि तो झगा घेऊन माघारा आला.

मग तिसरे दिवशी हुजुराचा अमलदार दोन स्वार घेऊन आला, आणि मूर्ती गाडीत भरिल्या, आणि वाटकिन यास बोलावोन म्हणाला, "चुनेवाला तूच ना? ही भिंत चार दिवसांत कोरी पाहिजे. मी खालच्या गावाहून परत येतो, तेव्हा याद माझ्यासमोर जाळायची. कोणाच्या घरी नावांचा कागद सापडला, तर तो घरधनी माझ्यासोबत येईल." आणि गेला. तेव्हा वाटकिन याचे डोक्यात एक गोष्ट आली, जी चुनेवाल्याचेच डोक्यात यावी. तो पाद्रीबाबांस म्हणाला, "घरात सापडेल, पेटीत सापडेल, गवतातही सापडेल. चुन्याखाली कोण बघतो? नावं भिंतीवर लिहा. मी वरून पांढरी देतो. राजा बदलेल तेव्हा काढू." पाद्रीबाबा भ्याले, आणि मग कोळसा घेतला. दुसरे दिवशी सकाळपासोन देवळाचे दार लावोन पाद्रीबाबा शिडीवर चढोन यादीतील नावे चित्राचे अंगावर लिहू लागले, आणि गावकरी खाली उभे राहोन सांगू लागले की, "माझ्या बापाला देवदूताच्या जवळ घ्या हो," आणि "आमच्या आत्याला त्या सैतानापासून दूर ठेवा." थर्स्टन सुतार म्हणून वाटकिन याचा शेजारी होता, जिभेचा तिखट, तो म्हणाला, "सासूबाईंना तिथंच राहू द्या, ओळखीचं माणूस बरं." आणि लोक हसले, आणि हसता हसता कित्येकांनी डोळे पुसले. तीनशे बारा जाहली, मग वाटकिन बोलिला की, "आता तिचं. अगदी खाली लिहा, गुडघे टेकून माझा हात पोचेल तिथं." पाद्रीबाबांनी लिहिले. वाटकिन यास अक्षर येत नव्हते. त्याने पुसले, "हेच ना?" आणि त्या जागेवर बोट न लावता नुसते धरिले, आणि जागा मनात बसविली.

आणि मग वाटकिन कामास लागला. मनात धास्ती ऐसी की अमलदाराचे नख लागोन काही दिसेल, अगर ओलीने पोपडे निघतील. म्हणोन त्याने चुना निगुतीने विझविला, आणि त्यात साय काढिलेले दूध घातले आणि बकऱ्याची चरबी घातली, आणि एक हात दिला, आणि सुकू दिला, आणि दुसरा दिला, आणि तिसरा दिला. थर्स्टन दारातून म्हणाला, "वाटक्या, भिंत रंगवतोस की किल्ला बांधतोस?" वाटकिन म्हणाला, "आत माणसं आहेत." चौथे दिवशी अमलदार आला, भिंतीस तळवा लावोन पाहिला, आणि म्हणाला, "उत्तम. किती हात?" "तीन." "दोन पुरे होते," ऐसे बोलोन त्याने अंगणात याद जाळविली आणि निघोन गेला.

मग सहा वर्षे बाळराजांचा अंमल जाहला. देवळात आजवर वाचीत ती लोकांस न कळणारी परकी भाषा बंद जाहली आणि धर्माचा ग्रंथ लोकांचे बोलीत वाचू लागले. वाटकिन रागाने मागे उभा राही. परंतु एके रविवारी पाद्रीबाबा वाचीत होते, त्यात ऐसे आले की, धन्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा, एक मित्र मेला, आणि धनी त्याचे थडग्यापाशी गेला, आणि तेथे उभा राहोन रडला. वाटकिन बाहेर येऊन पाद्रीबाबांस म्हणाला, "हे पूर्वीपासून त्यात होतं?" "होतं की." "चाळीस वर्षं तुम्ही हेच वाचत होता?" "हेच, पण त्या भाषेत." आपला धनी रडला होता हे ज्या लोकांनी सांगितले, त्याच लोकांनी आपल्या बायकोचे नाव बंद केले, ही गोष्ट त्याचे मनात मावेना. आणि आणिक एक गोष्ट, जी त्याने कोणास सांगितली नाही, ती ही की, सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आले म्हणजे ती कोरी भिंत ऐसी पेटे की देवळात चेहरे दिसत, अधू डोळ्यांसही दिसत. तेव्हा वाटकिन यास आपल्याच कामाचे भय वाटे, आणि मान लववावी ऐसेही वाटे.

मग शके चौदाशे पंचाहत्तर ते साली बाळराजे निवर्तले आणि त्यांची थोरली बहीण गादीवर बसली. ती जुन्या धर्माची. हुकूम फिरला की सर्व पूर्ववत करावे. तेव्हा गावात ऐसा आनंद जाहला की सांगता पुरवत नाही. घंटा वाजल्या, आणि कोणी तळ्यातून समया काढिल्या, कोणी गंजीतून लपविलेला लाकडी संत काढिला, त्याचे नाक उंदरांनी नेले होते, तरी त्यास हार घातला. आणि तमाम गाव देवळात जमोन बोलिले की, "वाटकिन, आता उघड." वाटकिन याने खरवडणी घेतली, कोमट पाणी आणि आंबलेली दारू घेतली, आणि वरचे कोपऱ्यात हळूच हात चालविला. चुना हालेना. जोर केला. तेव्हा तिन्ही हात एकदम निघाले, आणि त्यांचे पाठीस चित्राचा रंग चिकटोन आला, आणि रंगावरचा कोळसा धूळ होऊन खाली पडिला. भिंतीवर एका देवदूताचा अर्धा डोळा तेवढा उघडला आणि गावाकडे पाहू लागला. भोवती काही नाही. वाटकिन याने दुसरी जागा पाहिली, तिसरी पाहिली. दूध आणि चरबी यांनी चुन्याचा दगड केला होता. थर्स्टन सुतार याने जमिनीवरची काळी धूळ चिमटीत घेतली आणि म्हणाला, "हा माझा बाप की चुलता, सांगता येईल का कुणाला?" या वेळी कोणी हसले नाही. एक बाई बोलिली, "राजानं यादी जाळल्या, पण यानं माणसं खाल्ली." वाटकिन शिडीवरून उतरला. खालच्या ज्या जागेवर सिसलीचे नाव होते, तेथे त्याने खरवडणी लाविली नाही.

पाद्रीबाबा म्हणाले, "आठवून लिहू. दर वर्षी ऐकत होता ना तुम्ही?" परंतु सहा वर्षे कोणी ऐकिले नव्हते. आणि पाद्रीबाबांस स्वतःस नावे येईनात, कारण वाचणाऱ्यास पाठ होत नाही, ऐकणाऱ्यास होते. तेव्हा वाटकिन बोलिला, "माझ्या हातून गेली, मी गोळा करतो." आणि तो भट्टी सोडोन घरोघर फिरू लागला, आणि नाव मिळाले की घोकीत देवळाकडे जाई, आणि पाद्रीबाबा ते लिहीत. गावात मॉडआजी म्हणोन म्हातारी होती, नव्वदीची, जन्माची आंधळी. तिने सत्तर वर्षे याद ऐकली होती. तिचेपाशी वाटकिन आणि पाद्रीबाबा दोघे जाऊन बसले. ती शेंगा सोलीत बोलू लागली. "रॉजर कुंभार. लिहा. चोर होता मेला." पाद्रीबाबा थांबले. ती म्हणाली, "लिहा की. पुण्यवानाला काय गरज? त्याची बायको ॲग्नस, तिलाही लिहा, पण जरा लांब लिहा, आयुष्यभर जवळ राहून दमली ती." ऐसी एका बैठकीत साठ नावे जाहली. वाटकिन हात जोडोन म्हणाला, "आजी, एवढं कसं राहिलं?" ती म्हणाली, "मला भिंत कुठं दिसत होती? तुम्ही चित्र बघत होता, मी ऐकत होते."

पहिल्या वर्षी दीडशे नावे जाहली. मृतांचा दिवस आला, तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "आहेत तेवढी वाचू." त्यावर ज्यांची सापडली ते हो म्हणाले, आणि ज्यांची सापडली नव्हती ते म्हणाले की, "म्हणजे आमचे बाहेर उभे राहणार?" आणि देवळातच तंटा जाहला. वाटकिन याने सांगितले की, पुरी झाल्याशिवाय वाचू नये. तेच ठरले, आणि मृतांसाठी बिननावाची एक प्रार्थना जाहली. दुसरे वर्षी सव्वादोनशे जाहली, तेव्हाही तसेच. पाद्रीबाबा त्यास एकीकडे घेऊन म्हणाले, "वाटकिन, सिसलीचं एकटीचं वाचतो. तिचं तर आपल्याला ठाऊक आहे. तिला पाद्रीही मिळाला नव्हता रे." वाटकिन याचे ओठ हालले. मग तो म्हणाला, "माझ्या चुन्यानं सगळ्यांची गेली, आणि माझीच आधी वाचायची? सगळ्यांमागून वाचा. तिला पाठ धरून चालायची सवय आहे." तिसरे वर्षी दोनशे नव्वद. चौथे वर्षी तीनशे. मग तो लांबलांबच्या गावी जाऊ लागला, जेथे या गावच्या मुली दिल्या होत्या, आणि एकेका नावासाठी दोन दोन दिवस चालला. थर्स्टनच्या चुलत्याचे नाव ऐसेच एका सासुरवाशिणीच्या नातीने सांगितले. ते घेऊन वाटकिन आला तेव्हा थर्स्टन याने त्याच्या जोड्यांस नवे तळ ठोकोन दिले.

शके चौदाशे ऐंशी, काळयुक्तनाम संवत्सर, पाचवे वर्षी मृतांचा दिवस आला, तेव्हा सिसलीखेरीज तीनशे दहा नावे जाहली होती. दोन उणी. मॉडआजीस खाटेवर घालोन देवळात आणिले होते. ती म्हणाली, "वाटक्या, ती दोन मिळायची नाहीत. त्यांचं म्हणणारं कोणी उरलं नाही म्हणून तर मिळत नाहीत. वाचून घे आज." पाद्रीबाबाही म्हणाले, "मी थकलो, बाबा. आज वाचू." तमाम गाव वाटकिनच्या तोंडाकडे पाहू लागले, आणि या वेळी तंटा करणारे कोणी नव्हते, कारण ज्यांची राहिली त्यांचे कोणीच नव्हते. वाटकिन याने कागद हातात घेतला. वाचता येत नव्हते तरी तो वरून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाला, "वरच्या खोऱ्यात एक म्हातारा आहे, त्याचा आजा इथला. बर्फ वितळलं की जातो. दोनच आहेत. पुढच्या वर्षी पुरी वाचू." मॉडआजी म्हणाली, "तू चुना तीन हात का दिलास ते आज कळलं मला." आणि भिंतीकडे तोंड करोन निजली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी राणी निवर्तली. तिची धाकटी बहीण गादीवर बसली, ती नव्या धर्माची. हिवाळ्यात मॉडआजी गेली, आणि तिचे मागोमाग पाद्रीबाबा हंफ्री गेले. बर्फ वितळले, तेव्हा वाटकिन वरच्या खोऱ्यात गेला. म्हातारा जिवंत होता, आणि त्यास काही आठवत नव्हते. वाटकिन परत आला तो उन्हाळ्याचे सुमारास नवा हुकूम आला होता की, शुद्धीचा मुलूख नाही, यादी नाहीत, भिंती पुन्हा पांढऱ्या कराव्या. नवे पाद्री आले, त्यांस बायको आणि दोन मुली. माणूस भला होता. वाटकिन त्यांचेपाशी कागद घेऊन गेला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "बाबा, तुमची बायको देवापाशी पोचली आहे. आमच्या वाचण्यानं तिचं काही अडत नाही. वाचलं तर माझं घर उठेल, आणि खोटंही होईल." वाटकिन म्हणाला, "तिचं अडत नसेल. मी वाचवीन म्हणालो होतो." पाद्रीबाईंनी त्यास बसावयास दिले आणि पेज दिली. पाद्री म्हणाले, "मनात म्हणा की." वाटकिन म्हणाला, "मनात म्हणायला तिनं सांगितलं नव्हतं." मग पेज पिऊन तो उठला, आणि भिंत किती रुंद ते पावलांनी मोजून, चुना विझवावयास गेला.

सारांश ऐसा की, त्या बेटाने बारा वर्षांत धर्म तीन वेळा पालटला, आणि दर वेळी राजांस वाटले की पालटणारे आम्हीच, आणि चुना मात्र वाटकिन याने कालविला. दोन नावे सापडावयाची आहेत. कागद त्याचे घरी आहे. सिसलीचे नाव देवळात वाचावयाचे राहिले आहे.